पुरी छक्कड: अण्णाभाऊंच्या मागावर सीमाभागात

29 जुलै, निपाणी

अण्णाभाऊ साठे यांचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावी झाला आणि 18 जुलै 1969 रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. त्यांच्या खुणा शोधायच्या तर वारणेचे खोरे गाठावे किंवा घाटकोपरच्या चिरागनगरात जावे, हे कोणीही सांगेल. आम्ही मात्र कोल्हापूर मागे टाकून दक्षिणेला निघालो. त्यांच्या ज्या एका रचनेने अवघा मराठी मुलूख व्यापला, त्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीच्या अखेरीस बेळगाव आणि कारवार ही नावे येतात. ज्यांच्या गावांची नावे एखाद्या गाण्यात गुंफली गेली, ते लोक ते गाणे कसे सांभाळतात, त्यातले काय ठेवतात आणि काय गाळतात, हे मला पाहायचे होते. बरोबर माझे ढोलकीवाले स्नेही होते. त्यांची ढोलकी मागच्या आसनावर प्लास्टिकच्या दुहेरी आवरणात होती आणि पावसाची प्रत्येक सर आली की ते मागे वळून तिच्याकडे पाहत.

कागल सोडून दूधगंगा ओलांडली की पाट्यांवरची अक्षरे कानडी होतात; शेते, उसाचे फड, पत्र्याची खोपटी आणि माणसांच्या टोप्या मात्र आहेत तशाच राहतात. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरातले देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात मोडते आणि तिथून पायी जाण्याच्या अंतरावरची बाजारपेठ बेळगाव जिल्ह्यात. सकाळी महाराष्ट्रात शिकून दुपारी कर्नाटकात जेवायला घरी जाणारी मुले इथे पिढ्यानपिढ्या आहेत आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही.

निपाणी हे तंबाखूचे आणि विड्यांचे गाव. गल्लीत शिरलो की ओल्या पानांचा आणि जर्द्याचा मिळून एक उग्र वास येतो आणि उघड्या दारातून मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका दिसतात. पान कातरीने बेतायचे, चिमूटभर तंबाखू घालून वळायचे, टोक मुडपायचे, दोरा गुंडाळायचा. नजर दुसरीकडे असली तरी बोटे चुकत नाहीत. मजुरी हजारावर मिळते आणि मोजून घेताना नापसंत पडलेल्या विड्या बाजूला काढल्या जातात, त्यांचे कष्ट वाया. अशाच एका घरी ओळखीतून आम्ही गेलो. घरातल्या आजी सत्तरीच्या पुढच्या. त्यांचे यजमान मुंबईत गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो कधी संपलाच नाही. ते गावी परतले आणि पुढे तंबाखूच्या वखारीत हमाली करू लागले.

अण्णाभाऊंचे नाव काढताच आजींनी काम न थांबवता सुरुवात केली. चाल संथ होती, ओवीच्या अंगाने जाणारी. आम्ही सभांमधून ऐकत आलेल्या आवेशाशी तिचा काही संबंध नव्हता. मैनेचे वर्णन झाले, गरिबीने केलेली ताटातूट आली, भल्या पहाटे बांधलेली भाकर आली आणि मग नवऱ्याने निघताना द्यायच्या कबूल केलेल्या दागिन्यांची यादी आली: शिंदेशाही तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ. दागिने संपले तशा आजी थांबल्या.

"पुढचं येतं की आजी?" असे मी विचारले.

"येतंय की. पर ते सभेतलं. ते गडी म्हणत्यात," त्या म्हणाल्या आणि सुपातल्या विड्या मोजू लागल्या.

तुम्हाला कोणता दागिना मिळाला, असे माझ्या स्नेह्यांनी गमतीने विचारले. आजींनी हाताला लागलेला जर्दा झटकला आणि "चिठ्ठी मिळाली, गिरणी बंद झाल्याची," असे उत्तर दिले. घरातल्या सुना हसल्या, आजी हसल्या नाहीत.

या छक्कडीच्या रचनेबद्दल इथेच सांगणे बरे. छक्कड हा लावणीचाच एक ठसकेबाज प्रकार आणि अण्णाभाऊंनी तो तमाशाच्या फडात अंगात मुरवून घेतला होता. त्यांचे नातलग बापू साठे यांचा फड होता, त्यात ते तरुणपणी वावरले आणि ढोलकीपासून पेटीपर्यंतची वाद्ये त्यांच्या हाताखालून गेली. त्या फडातल्या श्रोत्याला बाईच्या रूपाचे वर्णन हवे असते, तर ते त्याला आधी मनसोक्त द्यायचे, मग विरह, मग मुंबई, मुंबईतली श्रीमंती आणि तिच्या पायथ्याशी पडलेला श्रमिक, आणि श्रोता आपला झाल्यावर शेवटी राजकारण, असा या गाण्याचा चढ आहे. गंमत अशी की, यमक शेवटपर्यंत बदलत नाही. ज्या 'ची'वर पहाट आणि दागिने तोलले, त्याच 'ची'वर पुढे बेळगाव, कारवार, डांग आणि उंबरगाव यांवर दुसऱ्याची मालकी असल्याची तक्रार येते. गावी राहिलेल्या मैनेची जी गत, तीच खंडित महाराष्ट्राची, हे कवीने सांगेपर्यंत ऐकणाऱ्याच्या कानाने ते जोडलेले असते. म्हणून पहिला भाग गाळून शेवटचा म्हटला, तर उरते ती फक्त गावांची यादी.

संध्याकाळी गावातून फिरताना कमळाबाई मोहिते यांचा विषय निघाला. 1956 च्या जानेवारीत मुंबईच्या आणि सीमाभागाच्या प्रश्नावरून जो उद्रेक झाला, त्यात बळी गेलेल्यांच्या यादीत निपाणीच्या या बाईंचे नाव आहे. सीमाभागाच्या सभांमध्ये हुतात्म्यांची नावे दरवर्षी वाचली जातात, तेव्हा हे एक नाव उच्चारताना वक्ते क्षणभर थबकतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. आपल्या चळवळीत बाई कुठे होती, याची आठवण त्या एका नावाने होत असावी.

30 जुलै, बेळगाव

तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती असा रस्ता पावसातच संपला. त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही, फक्त माझ्या स्नेह्यांनी वाटेत दोनदा गाडी थांबवून ढोलकीच्या शाईवर बोट फिरवून पाहिले.

बेळगावात आम्ही प्रथम सार्वजनिक वाचनालयात गेलो. 1848 सालापासून चालत आलेल्या या संस्थेच्या मेजांवर बसून जुनी पाने चाळताना एक गोष्ट लक्षात येते की, संयुक्त महाराष्ट्राची मागणी ज्या गावातून मोठ्याने उठली, ते हेच. मे 1946 मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन बेळगावात भरले आणि तिथेच मराठी भाषकांच्या एका राज्याचा ठराव झाला. पुढे 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, 1967 मध्ये सीमाप्रश्नावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल आला, 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि 2014 च्या 1 नोव्हेंबरला शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. हा सगळा इतिहास इथला रिक्षावालाही तोंडपाठ सांगतो. साहित्यिकांचा ठराव आणि शाहिराची छक्कड यांत मात्र फार मोठे अंतर आहे. ठरावाने मागणीला शब्द दिले. ते शब्द कामगारांच्या चाळीत, चावडीवर आणि जत्रेत नेण्याचे काम ज्यांनी केले, त्यांना 1946 च्या त्या मंडपात कोणी व्यासपीठावर बसवले नसते.

हुतात्मा चौकात ज्या वयोवृद्ध काकांशी भेट ठरली होती, ते छत्री मिटून वेळेआधीच उभे होते. 17 जानेवारी 1956 ला बेळगावात गोळीबार झाला, तेव्हा ते शाळकरी होते. मारुती बेन्नाळकर, मधू बांदेकर, लक्ष्मण गावडे, महादेव बारागडी ही हुतात्म्यांची नावे त्यांनी घरातल्या माणसांची घ्यावीत तशी घेतली. छक्कड म्हणता का, असे विचारताच त्यांनी चौकातच उभे राहून, आजूबाजूच्या वाहनांची पर्वा न करता, खणखणीत आवाजात म्हणायला सुरुवात केली, आणि ती थेट शेवटच्या कडव्यापासून. आधीचे येत नाही का, या प्रश्नावर ते गोंधळले.

"आधीचं असतंय वो, बायकोबियकोचं. आमचं गाणं हितनं सुरू होतंय," ते म्हणाले.

त्यांच्या बाजूने पाहिले, तर त्यांचे काही चुकत नव्हते. ज्या माणसाने आयुष्यभर दर 17 जानेवारीला आणि 1 नोव्हेंबरला रस्त्यावर उतरून हे कडवे म्हटले, त्याच्या लेखी गाणे म्हणजे तेवढेच. तरीही निपाणीच्या आजी ज्या ठिकाणी थांबल्या, बरोबर त्याच्या पुढून हे काका सुरू करतात, आणि दोघांनाही आपल्याकडे पुरे गाणे आहे असे वाटते, ही गोष्ट मला दिवसभर सोडेना.

जेवताना माझ्या स्नेह्यांनी एक मुद्दा काढला, तो महत्त्वाचा होता. आज आपण अण्णाभाऊंना पुस्तकात वाचतो, पण कम्युनिस्ट विचारांच्या लाल बावटा कलापथकात ते एकटे नव्हते. 1944 मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी ते उभे केले, तेव्हा अण्णाभाऊंची लेखणी, शेखांचा पहाडी गळा आणि गव्हाणकरांची जोड असे ते गणित होते. मागे सूर धरणारे झीलकरी आणि ढोलकीवाले वेगळेच. अमर शेख 29 ऑगस्ट 1969 ला अपघातात गेले, म्हणजे अण्णाभाऊंच्या पाठोपाठ सहा आठवड्यांनी. शब्द आणि आवाज एकाच पावसाळ्यात गेले, आणि कलापथकात नंतरच्या पिढ्या आल्या तरी मूळचा तो मेळ पुन्हा जमला नाही, असे ते म्हणाले. त्यावर मी काही बोललो नाही, कारण ढोलकीवाल्याने गाण्याबद्दल असे ठाम बोलण्याची वेळ क्वचितच येते.

या कलापथकावर सरकारचा डोळा होता, हेही बेळगावात बसून आठवायला हवे. मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असताना आणि पुढे मुख्यमंत्री असताना लाल बावट्याच्या तमाशांवर बंदी आली, आणि 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा त्याच मुंबई राज्यात होता. तमाशावर बंदी असेल तर आम्ही लोकनाट्य करतो, असे म्हणून अण्णाभाऊंनी नाव बदलले आणि खेळ चालू ठेवला. नावाबरोबर त्यांनी आतला ऐवजही बदलला होता. तमाशाची सुरुवात गणाने, म्हणजे गणेशवंदनाने, व्हायची. त्यांनी ते वंदन मायभूमीला आणि शिवरायांना केले. गौळणीत कृष्णाने बायकांची वाट अडवायची, ती त्यांनी काढूनच टाकली. वग, म्हणजे तमाशातला कथानाट्याचा भाग, मात्र ठेवला आणि त्यात राजाराणीच्या जागी सावकार, शेटजी, निवडणुकीचा उमेदवार आणि त्यांना पुरून उरणारा श्रमिक आणला. 'अकलेची गोष्ट', 'शेटजीचे इलेक्शन', 'मुंबई कोणाची' या लोकनाट्यांत सोंगाड्या हसवता हसवता अर्थशास्त्र सांगून जातो. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण इथे आहे. नवा आशय अनेकांनी आणला. तो आशय पेलेल इतका जुना साचा नेमका कुठे मोकळा करायचा, हे फार थोड्यांना कळते, आणि ज्याने साच्यात राबून पाहिलेले असते त्यालाच ते कळते.

रात्री एका मातंग वस्तीत गेलो. परवाच्या जयंतीची तयारी चालली होती. पिवळ्या पताका, फुलांच्या माळा, फोटोची जागा, ध्वनिक्षेपकाचा परवाना, असे सगळे एकदम चालले होते, आणि तरुण मुले पावसाने पडदा भिजू नये म्हणून वरच्या पत्र्यांची बांधाबांध करत होती. इथे अण्णाभाऊ तिसऱ्याच रूपात भेटले. भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी त्यांचा फोटो होता आणि मुलांच्या तोंडी 'फकिरा' होती. 1959 मध्ये आलेली ही कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आणि 1961 मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, हे तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलाने मला न विचारता सांगितले. छक्कडीबद्दल मात्र त्याला फारसे माहीत नव्हते. एकूण असे दिसते की, चळवळीने शेवटचे कडवे घेतले, वस्तीने कादंबरी आणि फोटो घेतला, विडीच्या सुपापाशी मैना राहिली, आणि स्टालिनग्राडचा पोवाडा, बंगालच्या दुष्काळाची हाक, अंमळनेरच्या हुतात्म्यांचे कवन हे सगळे कम्युनिस्टांच्या जुन्या कपाटात गेले. एका माणसाची अशी वाटणी झालेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

31 जुलै, नंदगड

खानापूर तालुक्यातला पाऊस हा बेळगावच्या पावसासारखा नसतो. तो पडत नाही, तो राहायला आलेला असतो. दोन्ही बाजूंना भातरोपांची लावण चालली होती, डोक्यावर इरली आणि प्लास्टिकचे कागद घेतलेल्या बायका ओळीने वाकलेल्या होत्या. ढोलकीचा आवाज बसला असणार, या काळजीने माझ्या स्नेह्यांचा चेहरा उतरला होता.

नंदगडला जायचे कारण संगोळ्ळी रायण्णा. कित्तूरच्या चन्नम्मा राणीच्या या शूर सहकाऱ्याला 26 जानेवारी 1831 रोजी इंग्रजांनी नंदगडला फाशी दिली. तिथल्या वडाला लोक नवसाचे छोटे पाळणे बांधतात, आणि मूल व्हावे म्हणून येणाऱ्यांत मराठी आणि कानडी बायका सारख्याच असतात. रायण्णाची कथा सर्वात आधी टिकवली ती कानडी लावणीकारांनी. या भागातल्या 1857 च्या हलगलीच्या बेरडांवरची लावणीही अशीच लोकांच्या मुखी राहिली. सरकारदरबारी बंडखोर ठरलेल्या माणसाला लोकांच्या दरबारात वीर ठरवण्याचे काम दोन्ही भाषांतल्या शाहिरांनी केले आहे, आणि अण्णाभाऊंचा फकिरा त्याच जातकुळीचा आहे. भुकेने मरणाऱ्या वस्तीसाठी धान्य लुटणारा, खजिना फोडणारा आणि फासावर जाणारा नायक मराठी कादंबरीत नवा होता. शाहिरीत मात्र तो जुना रहिवासी होता.

गावात एका कानडी गीगी पदे गाणाऱ्या म्हाताऱ्याची गाठ पडली. हे अण्णा, म्हणजे तिथे सगळे त्यांना अण्णाच म्हणत, घरी कानडी बोलतात आणि बाजारात मराठी. त्यांच्या मराठीत क्रियापदे जरा इकडची तिकडे होतात, पण विनोद कुठेही चुकत नाही. गीगी पदाची मांडणी ज्याने पोवाडा ऐकला आहे त्याला परकी वाटत नाही. मुख्य गायकाच्या हाती डफासारखे दप्पु, मागे तुणतुण्याची बहीण तुंतुणी आणि टाळ, आणि प्रत्येक चरणाच्या शेवटी मागच्यांनी 'गी गी' म्हणून सूर उचलायचा. आपल्याकडे 'जी जी र जी' म्हणत झीलकरी तेच करतात. शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ, यावर मराठी शाहिरांत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष पडले, तसेच कानडीत नागेशी आणि हरदेशी, आणि जत्रेत रात्र रात्र चालणारे त्यांचे सवालजबाबही तसेच.

अण्णांनी चुलीपाशी दप्पु शेकून घेतले. माझ्या स्नेह्यांनी ढोलकी बाहेर काढली, कड्या पिळून पिळून आवाज वर आणला, आणि मग त्या दोघांनी जवळजवळ तासभर एकमेकांना पारखले. अण्णांनी रायण्णाचे पद घेतले, यांनी त्याच्यामागे पोवाड्याचा ठेका धरला. पहिल्या दोन चरणांत गडबड झाली, कारण अण्णा शेवटचे अक्षर आमच्यापेक्षा लांब ओढतात आणि ढोलकी आधीच समेवर येऊन वाट पाहत राहते. तिसऱ्या चरणापासून ते जमले. मग अण्णा म्हणाले, "आता तुमचं म्हना." स्नेह्यांना गळा नाही, म्हणून ती पाळी माझ्यावर आली, आणि मी अण्णाभाऊंचे वंदन म्हटले. अण्णांनी ते लक्ष देऊन ऐकले आणि एकच प्रश्न केला: "गणपती कुठं गेला?"

त्यांना मी समजावून सांगितले की, हा शाहीर देवाऐवजी भूमीला नमस्कार करायचा. त्यावर ते बराच वेळ विचार करत राहिले. शाहिराने आधी कोणाला नमस्कार करायचा, हा त्यांच्या दृष्टीने काही लहानसहान प्रश्न नव्हता. पन्नास वर्षे ते गुरूला आणि गणपतीला नमस्कार करून उभे राहिले होते. शेवटी म्हणाले, "ज्याचं खातो त्येला केला. चुकीचं नाही." अण्णाभाऊ देव मानत नव्हते, हे मी त्यांना सांगितले नाही, सांगितले असते तरी त्यांचा निवाडा बदलला नसता असे वाटते.

परतताना आम्ही गाडीत अण्णाभाऊंच्या पहिल्या मुंबईयात्रेबद्दल बोललो. वाटेगावाहून त्यांचे कुटुंब पायी मुंबईला गेले, तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. वाटेत मिळेल ते काम, मुंबईत कोळसे वेचणे, हमाली, मग मोरबाग गिरणी, असे ते आयुष्य. शाळा जेमतेम दीड दिवस, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. दुकानांच्या पाट्या वाचत ते अक्षरे शिकले, हे तितके सांगितले जात नाही. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांनी आरंभीच्या काळात जे गाणे रचले, ते तिथल्या डासांवर. 1961 मध्ये ते रशियाला गेले, तोवर त्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा तिथे पोहोचलेला होता. खानापूरच्या खेड्यांतूनही अशीच माणसे पुण्या-मुंबईला, गोव्याला गेली आणि जात आहेत. लावणीच्या शेतात वाकलेल्या त्या ओळीत पुरुष किती थोडे होते, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आले होते.

1 ऑगस्ट, येळ्ळूर

सकाळी राजहंसगडावर ढग इतके खाली होते की तट दिसला नाही. खाली उतरून चहा घेतला आणि दुपारपर्यंत झोपलो.

संध्याकाळी गावातल्या जयंतीच्या कार्यक्रमात कलापथक होते: एक शाहीर, दोन झीलकरी, तुणतुणे, पेटी आणि हलगी. त्यांचा ढोलकीवाला तापाने आजारी असल्याने माझ्या स्नेह्यांना आयत्या वेळी बसवण्यात आले, आणि चार दिवस सांभाळून आणलेल्या त्या ढोलकीचे सार्थक झाले. व्यासपीठावर मातंग वस्तीतली मंडळी होती, सीमाप्रश्नाच्या चळवळीतले कार्यकर्ते होते आणि समोर सतरंजीवर बायका बहुसंख्य होत्या. भाषणे व्हायची ती झाली. एका वक्त्याने अण्णाभाऊंना फक्त सीमालढ्याचे शाहीर ठरवले आणि दुसऱ्याने फक्त आपल्या समाजाचे. दोघांनाही सारख्याच टाळ्या पडल्या.

मग शाहिराने छक्कड घेतली आणि ती पहिल्यापासून घेतली. हे मी त्याला आधी सांगितले नव्हते. त्याच्या गुरूने त्याला तशीच शिकवली होती. मैनेच्या वर्णनाला पुरुषांनी शिट्ट्या मारल्या, तेव्हा पुढे बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी मागे वळून त्यांना गप्प केले. भाकरतुकडा बांधण्याच्या ओळीला बायकांच्या बाजूने एक हुंकार आला आणि दागिन्यांच्या यादीला त्या हसू लागल्या, कारण आश्वासन देणारा नवरा त्यांच्या चांगल्या परिचयाचा होता. झीलकऱ्यांनी सूर एक पायरी वर नेला. मुंबई आली, तिथल्या माड्या आल्या, त्यांच्या सावलीतली झोपडी आली, आणि चाल न बदलता, ठेका न तुटता गाणे बेळगाव-कारवारावर येऊन आदळले, तेव्हा मागे उभे असलेले कार्यकर्तेही म्हणू लागले. पहिला भाग ज्या बायकांचा होता आणि शेवटचा ज्या पुरुषांचा होता, ते या ठिकाणी एकाच तोंडाने म्हणत होते. चार-सहा मिनिटांपुरते का होईना, पण ती वाटणी तेवढा वेळ रद्द होती.

छक्कडीच्या या अखंडपणासाठी पुरे कलापथक लागते. काकांसारखा एकटा माणूस चौकात शेवटचे कडवे म्हणू शकतो आणि आजींसारखी एकटी बाई सुपापाशी पहिले म्हणू शकते. मधला मुंबईचा लांबलचक भाग मात्र झीलकऱ्यांनी श्वास दिल्याशिवाय एकट्याला ओढत नाही, आणि म्हणूनच तो लोकांच्या तोंडून आधी गळाला असावा. गिरण्या गेल्या, तसा त्या भागाला ऐकणाराही राहिला नाही, हे दुसरे कारण.

कार्यक्रम संपल्यावर बिदागीचा हिशोब चालू असताना मी शाहिराशी बोललो. तो दिवसा एका कारखान्यात यंत्रावर काम करतो. थोरल्या झीलकऱ्याचे वय झाले आहे, धाकटा नोकरीसाठी पुण्याला जायच्या विचारात आहे, आणि तुणतुणे धरायला कोणी तयार होत नाही, कारण त्यात नाव नाही आणि हात मात्र रात्रभर अवघडतो. तरी पुढच्या वर्षी जयंतीला नुसती कवने न गाता वग बसवायचा, असे त्याने मंडळाच्या लोकांना तिथेच सांगितले. जमेल का, बायका काम करतील का, तालमीला जागा कोण देणार, असे नेहमीचे प्रश्न निघाले. मंडळाच्या एका ज्येष्ठांनी ध्वनिक्षेपकावरून विचारले, तेव्हा सतरंज्या गुंडाळणाऱ्या मुलींपैकी तिघी पुढे आल्या. त्यांतली एक कॉलेजात शिकणारी, तिला सोंगाड्या व्हायचे होते.

"सोंगाड्या गडी असतो, बाळ," ज्येष्ठ म्हणाले.

"काका, गौळण काढून टाकली तर सोंगाड्या बाई झाला म्हणून काय बिघडतंय?" ती म्हणाली.

शाहीर हसला आणि त्याने तिला एक उतारा म्हणून दाखवायला सांगितला. तिने तो म्हटला, बरा म्हटला, शेवटच्या वाक्याला लोक हसलेही. मग तिने तालमी किती दिवस चालणार ते विचारले, आणि लगेच, सगळ्यांच्या देखत, सोंगाड्याची बिदागी किती असते तेही.

शाहिराने रक्कम सांगितली. ती कमी आहे, असे तिचे म्हणणे पडले, आणि आम्ही निघालो तेव्हा ती घासाघीस चालूच होती.